अकरा हाका

हे प्रकरण लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं पण दरवेळी लिहायला बसले की वाटायचं, यात सांगण्यासारखं काय आहे, एक मुलगा सकाळी उठत नव्हता एवढीच तर गोष्ट. ना व्यसन, ना पोलीस केस, ना घर सोडून पळून जाणं. पण माझ्याकडे समुपदेशनाला येणारे जे पालक "आम्ही आता कडक व्हायचं ठरवलंय" म्हणतात त्यातल्या बहुतेकांना मी शेवटी याच घराबद्दल सांगत बसते, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. घरच्यांना विचारून लिहितेय, नावं नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

घरात चार माणसं. मुलगा 17 वर्षांचा, कॉलेजात. आई, बाबा, आणि बाबांची आई. आजींचं नाव मी पहिल्या तीन सेशनच्या नोट्समध्ये कुठेही लिहिलेलं नाही, ही माझी चूक, ती पुढे येईलच.

पहिल्या भेटीत तिघं आले. मी मुलाला काही विचारलं की उत्तर आई द्यायची. "झोप किती वाजता येते रे तुला?" "अहो, दोन-अडीच होतात, मोबाईल सुटतच नाही हातातून." मुलगा खुर्चीत अर्धा आडवा, नजर खिडकीबाहेर. बाबा मात्र तयारीने आले होते. त्यांनी बरेच व्हिडिओ बघितले होते आणि त्यांना माझ्याकडून फक्त शिक्कामोर्तब हवं होतं. "मॅडम, टफ लव्ह. फोन बंद, पैसे बंद, आणि 18 पूर्ण झाली की बाहेर. चटके बसले की आपोआप येतील ताळ्यावर."

तेव्हा मी त्यांना थोडा इतिहास सांगितला, इथेही सांगते कारण हा शब्द हल्ली फार सहज फेकला जातो. टफ लव्ह हे प्रकरण अमेरिकेत 1980 च्या दशकात जोरात आलं. यॉर्क नावाचं एक दांपत्य होतं, दोघं स्वतः समुपदेशक आणि स्वतःच्याच मुलीच्या वागण्याने टेकीला आलेले, त्यांनी अशाच वैतागलेल्या पालकांचे गट सुरू केले. त्यात एक चांगली गोष्ट होती, पालक एकमेकांना धरून उभे राहायचे, एकटे पडायचे नाहीत. पण लोकांनी उचललं ते फक्त 'टफ', आणि त्याच काळात मुलांना लष्करी शिस्तीच्या छावण्यांत पाठवणं वगैरे प्रकारही फोफावले. 2004 साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तरुणांमधल्या हिंसेवर तज्ज्ञांची समिती बसवली होती, त्यांनी स्पष्टच सांगितलं की भीती घालून, कडक वागून मुलं सुधारवणारे असले कार्यक्रम चालत नाहीत, उलट काही वेळा परिस्थिती आणखी बिघडवतात. बाबांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे डोक्यावर बसवून ठेवायचं?" हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. जणू दोनच खोल्या आहेत आणि मधे दारच नाही.

खरं तर यावर डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1960 च्या दशकातच काम करून ठेवलंय. धाकात ठेवणारे पालक वेगळे आणि ठाम असणारे वेगळे, आणि ठाम पालकांच्या घरात नियम असतातच, पण मुलाचं ऐकूनही घेतलं जातं आणि मायाही आटत नाही. हे वाचायला सोपं आहे. सकाळी सात वाजता करायला नाही.

मी लगेच काही प्लॅन दिला नाही. आधी मुलाला एकट्याला भेटले, दोनदा. ही पायरी मी कधीच गाळत नाही आणि कुणी गाळूही नये, कारण न उठणारा मुलगा आळशीच असतो असं नाही. या वयात डिप्रेशन रडवेपणापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसू शकतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं पोरगं उद्धट झालंय. म्हणून मी सरळ विचारते, दोन आठवड्यांहून जास्त काळ काहीच करावंसं वाटत नाही असं होतंय का, भूक, मित्र, आवडीचे उद्योग, आणि हो, मरून जावं असं वाटतं का तेही याच शब्दांत विचारते, विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. कॉलेजात कोणी त्रास देतंय का, काही घेतोस का. डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन वगैरे बघून घेतलं. यातलं काही निघालं असतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, कारण आजारी मुलाला 'त्याचं तो बघेल' म्हणून सोडणं याला मर्यादा, म्हणजे घरात ठरवून पाळायची सीमा, म्हणत नाहीत, दुर्लक्ष म्हणतात.

काही निघालं नाही. रात्री मित्रांबरोबर गेम, मग व्हिडिओ, अडीचला झोप. त्यात त्या वयाचं घड्याळही थोडं पुढे सरकलेलं असतं, वयात आल्यावर झोप येण्याची वेळच उशिरावर जाते, आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. म्हणजे शरीराचाही थोडा दोष होता, पण अडीचपर्यंतचा नाही.

आणि याच एकट्याच्या भेटीत तो मला जे बोलला ते ऐकून मी पेन खाली ठेवलं.

"आई सकाळी दहा-अकरा वेळा हाक मारते. त्यातल्या पहिल्या दहा खऱ्या नसतात."

म्हटलं, खरी कुठली ते कळतं तुला?

"कळतं ना. आवाज बदलतो तिचा. मग बाबा येतात. ते दहा मिनिटं बोलतात. ती ऐकून घ्यायची, मग ते गाडीने सोडतात."

उद्धटपणे नाही सांगितलं त्याने हे. बसचं टाइमटेबल सांगावं तसं सांगितलं.

इकडे मी आईला आठवडाभर फक्त नोंद ठेवायला सांगितली होती, काही बदलू नका, नुसतं लिहा. ती वही मी अजून विसरलेले नाही. प्रत्येक दिवसापुढे उभ्या रेघा, पाच झाल्या की आडवी. सोमवार अकरा, मंगळवार नऊ, गुरुवारी चौदा. पहिली हाक सव्वासहाला. मधे पंखा बंद, पडदा सरकवला, पांघरूण ओढलं, 'प्लीज उठ ना रे राजा', 'मर जा, झोप', सगळं नोंदवलेलं. सात-वीसला बाबांची एंट्री. "उद्यापासून मोबाईल बंद", "18 झालं की चालतं व्हायचं", हे रोज, आणि रोजचा तो उद्या कधी उजाडला नाही. सात-चाळीसला मुलगा गाडीत, आठला कॉलेज. आठवड्यातून एखाद दिवशी ते जमलं नाही की आई त्याच्या टीचरना मेसेज करायची, बरं नाहीये त्याला. आणि जर्नल. जर्नलं आई लिहायची, रात्री, स्वयंपाकघर आवरल्यावर. वहीच्या मागच्या पानावर तिने त्याच्या अक्षराचा सराव केलेला होता, त्याचा 'ळ' कसा वाकडा येतो ते गिरवून गिरवून. ते पान तिने चुकून दाखवलं आणि पटकन उलटलं.

यात नेमकं काय चालू होतं ते सांगते. जेराल्ड पॅटरसन नावाच्या संशोधकाने घराघरात माणसं बसवून हे बारकाईने नोंदवून घेतलं होतं आणि 1980 च्या सुमारास मांडलं होतं, की अशा घरात दोघंही एकमेकांना शिकवत असतात. आई टोकते, मुलगा खेकसतो, आई गप्प होते, म्हणजे खेकसलं की शांतता मिळते हे मुलगा शिकला. बाबा ओरडतात, मुलगा उठतो, म्हणजे ओरडलं की काम होतं हे बाबा शिकले. दोघांनाही दरवेळी थोडं थोडं बक्षीस मिळतंय, म्हणून दोघंही सोडत नाहीत. आणि मधूनच एखाद्या दिवशी झोपून राहिलेलं चालून जातं, एखाद्या दिवशी जात नाही, हा भाग सगळ्यात वाईट, कारण कधी मिळतं कधी मिळत नाही अशा बक्षिसाची सवय सुटायला सगळ्यात कठीण असते, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर दाखवून ठेवलंय. मुलगा रोज सकाळी एक पत्ता खेळत होता. आज अकरावी हाक खरी असेल का?

आता माझा पहिला प्लॅन. तो मला स्वतःला फार आवडला होता हे कबूल करते. तीन मर्यादा, एका कागदावर, तिघांच्या सह्या: आई उठवणार नाही, रात्री अकरानंतर फोन हॉलमध्ये, आणि कोणीही कोणासाठी खोटं बोलणार नाही. कपाटावर चिकटवला. चौथ्या दिवशी रात्री साडेबाराला फोन परत त्याच्या हातात होता कारण सबमिशनचं सगळं ग्रुपवर आलं होतं म्हणे, आणि फोन दिलाच आहे तर सकाळी उठवायलाही हवं, आणि उठलाच नाही तर मेसेजही करायला हवा. एक खिळा निघाला आणि अख्खी फळी खाली आली. सहाव्या दिवशी आईने कागद काढून घडी करून ठेवला, माझ्यासमोर तोच उलगडला आणि म्हणाली, "मला नाही जमत मॅडम. मी वाईट आहे का?"

वाईट ती नव्हती, चुकलं माझं होतं. मी मुलाला काय लागेल याचा विचार करून मर्यादा ठरवली होती, पाळणाऱ्या माणसाला काय झेपेल याचा नाही. धाडकन जाहीर केलेली आणि आठवड्यात मोडलेली मर्यादा काहीच न ठरवण्यापेक्षा वाईट असते, कारण मुलाला आणखी एक खोटी हाक ऐकू येते, फक्त यावेळी सह्यांसकट.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी उलटीकडून सुरुवात केली. आईला विचारलं, यातली कुठली एक गोष्ट तुम्ही तीन आठवडे करू शकाल, तो रडला, ओरडला, परीक्षा बुडाली तरी? ती बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत बसली. मग म्हणाली, मेसेज करणं थांबवीन. आणि उठवणं... एक हाक तरी मारू दे. बिलकुल नाही मारली तर मलाच दिवसभर चैन पडणार नाही.

तर एक हाक. बाबांना हे हास्यास्पद वाटलं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसतच होतं, एवढ्या मोठ्या प्रॉब्लेमला हे एवढंसं ठिगळ. मला मात्र त्या एका हाकेवर विश्वास होता कारण ती आईची स्वतःची होती.

शब्द काय वापरायचे यावर आम्ही अर्धा तास घालवला, आणि तो वाया गेला नाही. तिचं पहिलं वाक्य होतं, "उद्यापासून तू वेळेवर उठायचंस." यात कर्ता कोण आहे बघा. तू. म्हणजे ही मर्यादा पाळायची की नाही हे त्याच्या हातात, तो झोपून राहिला की संपलं. शेवटी जे ठरलं ते असं: "मी सव्वासहाला एकदा हाक मारीन. दुसरी मारणार नाही. उशीर झाला तर काय करायचं ते तू ठरव, कॉलेजला मेसेज मी करणार नाही." सगळीकडे कर्ता मी. हे मोडायचं तर आईनेच मोडावं लागेल, तो कितीही झोपला तरी मोडत नाही.

रविवारी दुपारी सांगायचं, भांडण चालू असताना नाही, दोन मिनिटांत सांगायचं, आणि 'कबूल आहे का' असं विचारायचं नाही. त्याने एका कानातला हेडफोन काढून ऐकलं, "बरं" म्हणाला, परत घातला.

काय बंद करायचं नाही तेही ठरवलं. जेवण नेहमीसारखं, गप्पा नेहमीसारख्या, डोक्यावरून हात फिरवावासा वाटला तर फिरवायचा. आणि अबोला नाही. हे मला दोनदा सांगावं लागलं कारण या घरात अबोला हे जुनं हत्यार होतं, एकदा तर आई नऊ दिवस बोलली नव्हती. नऊ दिवस न बोलणं ही मर्यादा नसते, ती नुसती शिक्षा, आणि त्यात मुलाला एवढंच कळतं की आईची माया बटणावर चालते. 'मी सांगितलं होतं ना' हे वाक्यही बंद. हे तिला जेवढं जड गेलं तेवढं दुसरं काही गेलं नाही बहुतेक.

पहिला सोमवार तिने मला नंतर मिनिटामिनिटाने सांगितला. सव्वासहाला हाक मारली. त्याने "हं" केलं. ती बाहेर आली, दार लोटलं, आणि पाच मिनिटांत पाय आपोआप परत वळले. मग ती बाथरूममध्ये गेली, कडी लावली आणि बादलीत नळ सोडला, का तर त्याच्या अलार्मचा आवाज येऊ नये म्हणून. बादली भरली, वाहिली, तरी नळ चालूच. तो दहाला उठून बाहेर आला. "उठवलं का नाहीस?" ती म्हणाली, "एकदा उठवलं होतं. चहा ठेवू?" 

गुरुवारी स्फोट झाला. याची कल्पना मी देऊन ठेवली होती, एखादं वागणं आजवर चालत होतं आणि अचानक चालेनासं झालं की माणूस ते सोडायच्या आधी एकदा जीव खाऊन जोरात करून बघतो, लिफ्टचं बटण लागलं नाही की आपण ते चार वेळा दाबतो तसं. पण कल्पना असणं वेगळं आणि घरात होणं वेगळं. क्लास टेस्ट बुडाली होती. तो दारावर लाथ मारून म्हणाला, "तुला माझं काही पडलेलंच नाहीये." कडी निखळली. आईने गॅलरीतून मला फोन केला, ती कुजबुजत होती. मी विचारलं, तुम्हाला भीती वाटतेय का, तो अंगावर येतोय का. नाही, तो खोलीत जाऊन रडतोय. म्हटलं मग जा त्याच्याकडे, बसा, पण टीचरना फोन करू नका. ती म्हणाली, "मग जाऊन बोलू काय?" म्हटलं काही बोलू नका. ती जाऊन बसली. वीस मिनिटं दोघंही काही बोलले नाहीत, आणि हा काही अबोला नव्हता. (कडी मुलानेच बसवली नंतर, वाकडी बसली, तशीच आहे.)

आणि दुसऱ्या आठवड्यात चमत्कार. चार दिवस सलग मुलगा वेळेवर. आई उड्या मारायचीच बाकी, मीसुद्धा नोट्समध्ये 'प्रतिसाद उत्तम' असं लिहून टाकलं. मग मुलाचं सेशन होतं, मी त्याचं कौतुक केलं तर तो हसायला लागला. "आजी उठवते."

पावणेसातला आजी हळूच खोलीत जायच्या, पायथ्याशी बसायच्या आणि तळपायांवरून हात फिरवायच्या, तो उठेपर्यंत. सगळ्या प्लॅनमध्ये त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

त्यांना बोलावलं. मला वाटलं होतं समजावून सांगायला लागेल, पण त्यांना सगळं माहीत होतं, भिंती पातळ आहेत म्हणाल्या. "माझी झोप तशीही चारला मोडते. मी ओरडत नाही काही नाही. पोराचं वर्ष जायला नको एवढंच." मला त्यांच्यावर रागावता येईना, खरं सांगायचं तर त्या घरात त्याला सगळ्यात चांगल्या रीतीने त्याच उठवत होत्या. मी त्यांनाही तोच प्रश्न विचारला, तुम्हाला काय झेपेल. त्या म्हणाल्या, घरात बसून तो झोपलेला बघणं मला नाही झेपणार. मग? मग त्यांनीच तोड काढली. साडेसहाला फिरायला जायचं आणि पावणेआठच्या आत घरी यायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून गेल्यासुद्धा, एकदा पावसात छत्री घेऊन.

तेव्हा मला वाटलं की घरातलं सगळ्यात हळवं माणूस आपल्याला सापडलं. नव्हतं सापडलं.

तिसऱ्या आठवड्यात प्रॅक्टिकलची परीक्षा होती. सव्वासहाची हाक झाली, आई बाथरूममध्ये, आजी बाहेर, आणि सात-चाळीसला बाबांनी मुलाला दंडाला धरून उठवलं, घराबाहेर काढीन, तोंड बघणार नाही, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि हे सगळं बोलत बोलतच गाडीची किल्ली घेऊन खाली उतरले. ओरडत ओरडत गाडी काढली. कॉलेजच्या गेटवर सोडून वर त्याच्या खिशात पेन घातलं.

पुढच्या सेशनला ते आल्या आल्या म्हणाले, "परीक्षा होती मॅडम." मी काही बोलले नाही. मग त्यांनी स्वतःच सांगितलं की ते स्वतः त्या वयात एक वर्ष नापास होऊन घरी बसले होते, आणि त्या वर्षात त्यांचे वडील त्यांना 'आलास का जेवायला' याच्यापलीकडे काही बोलले नव्हते. "मला माहितीये ते वर्ष कसं असतं." हे त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं. तिने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं ते मला दिसलं.

म्हणजे घरात सगळ्यात कडक बोलणारा माणूसच सगळ्यात आधी विरघळणारा होता, आणि मुलाला हे पहिल्यापासून ठाऊक होतं, दहा मिनिटं ऐकून घ्यायची, मग ते सोडतात. ओरडणं हे त्या गाडीचं तिकीट होतं. मोठ्या आवाजातल्या धमकीला आपण कडकपणा समजतो, पण मला आता उलट वाटतं. जी शिक्षा अमलात आणायची हिंमत नसते तीच माणूस एवढ्या जोरात जाहीर करतो. 'घराबाहेर काढीन' म्हणणाऱ्या बापाला पोराचं एक वर्ष गेलेलंही बघवणार नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक घरात हेच शोधते, इथलं सगळ्यात मऊ माणूस कोण आणि त्याला किती झेपेल, कारण मर्यादा तेवढीच टिकते. बाकीचे कितीही खंबीर असोत, पाणी उताराकडेच जातं.

बाबांसाठी मग वेगळी मर्यादा काढली, त्यांच्या मापाची. गाडीने सोडणं बंद करायला ते तयार नव्हते, आणि मी आग्रह धरला नाही. "गाडी साडेसातला निघते. दारात असलास तर तुला घेऊन, नसलास तर मी एकटा." ओरडणं नाही, खोलीत जाणं नाही. म्हणाले, "हे जमेल, गाडी काढणं माझ्या हातात आहे." परीक्षेच्या दिवशीसुद्धा? त्यांनी जरा वेळ घेतला. "परीक्षेच्या दिवशीसुद्धा."

पहिल्या दिवशी ते एकटेच निघाले. नंतर सांगत होते, रस्त्याच्या टोकाला जाऊन गाडी बाजूला घेतली, इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं आरशात बघत बसले, की येतोय का पळत. नाही आला. मग गेले. त्या दिवशी ऑफिसात काम झालं नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी मुलगा सात-अठ्ठावीसला दारात उभा होता, एका पायात बूट, दुसरा हातात, शर्टाची बटणं खालीवर. कोणी काही बोललं नाही. गाडीत रेडिओ लावला.

दहा आठवड्यांनंतरची स्थिती जशी आहे तशी लिहिते. पाचपैकी चार दिवस कॉलेज, कधी तीन. एक टेस्ट बुडाली ती बुडालीच. हजेरी कमी पडल्याचं पत्र घरी आलं, ते आईने उघडून त्याच्या टेबलावर ठेवलं आणि तीन दिवस त्याच्याकडे बघितलं नाही (पत्राकडे, मुलाकडे नाही), चौथ्या दिवशी तो स्वतः जाऊन टीचरशी बोलून आला, काय बोलला ते घरी कोणालाच माहीत नाही. एक जर्नल अर्धंच दिलं, मार्क कमी पडले, पण त्यातले 'ळ' त्याचे स्वतःचे होते. झोप अजून एक वाजताच. फोनचा विषय आम्ही सोडवू शकलो नाही. माझ्या एका सहकारी मैत्रिणीचं म्हणणं आहे की मी सुरुवात झोपेपासूनच करायला हवी होती, मुळावर घाव. तिचं चूक नाही, पण रात्री अडीचला जागं राहून फोन सांभाळणारं माणूस त्या घरात नव्हतं, सव्वासहाला एक हाक मारणारं होतं.

मुलाला विचारलं, कसं वाटतंय. "घर शांत झालंय. जरा विचित्रच वाटतं."

ज्याची मला अजिबात कल्पना नव्हती ते आईचं झालं. सव्वासहा ते साडेसात हा दिवसातला तिचा सगळ्यात कामाचा वेळ होता आणि तो अचानक रिकामा झाला. सहाव्या-सातव्या आठवड्यात ती एकटीच आली आणि रडली. मुलगा सुधारतोय, नवरा ओरडत नाही, मग रडू कशाला येतंय तेच कळत नाही म्हणाली. सतरा वर्षं तिने ज्याला काळजी म्हटलं होतं त्यातला मोठा भाग आम्ही काढून घेतला होता आणि त्याजागी काही ठेवलं नव्हतं. मी पालकांना मुलाच्या रडण्याची तयारी करून देते, त्यांच्या स्वतःच्या रडण्याची करून देत नव्हते. आता देते. तिच्याबरोबर पुढे पाच सेशन फक्त यावरच झाली, ते वेगळं प्रकरण होईल.

सहा महिन्यांनी ती फॉलोअपला आली. मुलगा 18 चा झाला होता, त्याला कोणी बाहेर काढलं नव्हतं. सांगत होती, तो आता तीन अलार्म लावतो. त्या आठवड्यात एकदा हाक मारून झाल्यावर तिन्ही वाजून बंद झाले, आतून काही हालचाल नाही, आणि ती दाराबाहेर हात वर करून उभी, वाकडी कडी समोर, ठोठावणार तेवढ्यात.

"मग?"

"मग जाऊन नळ सोडला."

"उठला का तो?"

"त्या दिवशी नाही," ती म्हणाली, आणि पुढची तारीख लिहायला पर्समधून वही काढली. तीच वही होती, रेघांची.